आधी पोरं समजून घ्या : खानदेशातल्या वर्गात शिकलेल्या आठ गोष्टी

'आधुनिक विद्यार्थी' म्हटलं की प्रशिक्षणाच्या स्लाइडवर हमखास एक टाय लावलेलं, हातात टॅब धरलेलं मूल दिसतं. माझ्या वर्गातलं आधुनिक मूल जरा वेगळं आहे. ते घरी अहिराणी बोलतं, यूट्यूबवर हिंदी ऐकतं, पुस्तकात प्रमाण मराठी वाचतं आणि पहिलीपासून इंग्रजीही गिरवतं. दुकानात बापाच्या फोनवरून पैसे चुकते करायला त्याला कोणी शिकवावं लागत नाही. दिवाळीच्या आगेमागे मात्र ते आईसोबत कपाशीच्या वावरात असतं आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे 'गैरहजर' पडत जातं.

जिल्हा परिषदेच्या शाळांत मी बरीच वर्षं शिकवते आहे. आधी धुळे जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी शिरपूरकडे. आंतरजिल्हा बदली झाल्यावर जळगाव जिल्ह्यात, तापीकाठच्या कपाशीच्या पट्ट्यात. या काळात ज्ञानरचनावाद आला, डिजिटल शाळा आल्या, क्यूआर कोडची पुस्तकं आली, निपुण भारत आलं. प्रत्येकात घेण्यासारखं काही होतं. पण कोणत्या पोराला त्यातलं काय द्यायचं, हे एकाही परिपत्रकात लिहिलेलं नसतं. ते वर्गातच कळतं. जे कळलं, ते नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांसाठी इथे मांडते.

1. पहिला आठवडा पुस्तक उघडू नका

जूनमध्ये शाळा उघडली की वरून पाठनियोजनाची घाई असते. मी पहिल्या आठवड्यात एक साधी वही भरते. प्रत्येक मुलापुढे पाच रकाने : घरी कोणती बोली, घरात वाचणारं कोण, फोन कोणाचा आणि तो घरी किती वाजता येतो, हंगामात घर कुठे असतं, आणि या मुलाला कोणतं काम येतं.

ही माहिती फॉर्म वाटून मिळत नाही. पोषण आहाराच्या पंगतीत बसलं, शाळा सुटल्यावर दोन गल्ल्या सोबत चाललं, की मिळते. सगळ्यात कामाचा रकाना शेवटचा. कोणी ठिबकच्या नळ्या जोडतो, कोणी केळीच्या घडाच्या फण्या वेगळ्या करतो, कोणी किराणा दुकानावर बसून सुटे परत देतो, कोणी संध्याकाळी शेळ्या मोजून आत घेते. शाळेच्या नोंदीत यांतली निम्मी पोरं 'अक्षरओळख नाही' या रांगेत असतात. तो रकाना भरला की शिकवायला सुरुवात कुठून करायची ते आपोआप ठरतं.

2. घरच्या बोलीला वर्गात हक्काची जागा द्या

खानदेश ही एका भाषेची भूमी नाही. धुळ्यात, अमळनेर-पारोळ्याकडे अहिराणी; भुसावळ, यावल, रावेरकडे लेवा बोली; सातपुड्याच्या कडेने पावरी, भिली; जामनेर-चाळीसगावच्या तांड्यांवर गोरबोली. ही पोरं पहिलीत येतात तेव्हा त्यांना बोलता येत असतं, आणि भरपूर बोलता येत असतं. वर्गात पाऊल टाकलं की गप्प होतात, कारण फळ्याजवळ उभं असलेलं माणूस वेगळंच काही बोलतं.

चित्रगप्पांचा तास. भिंतीवर एक चित्र : शेळी पळते आहे, मागे एक मुलगा. "चित्रात काय दिसतंय?" असं विचारलं तर पहिलीतली पोरं एकमेकांकडे बघतात. कोणी धीटपणे 'बकरी' एवढंच म्हणतं. मग तोच प्रश्न अहिराणीत टाकायचा : "दखा रे, आठे काय चाली ऱ्हायनं?" लगेच कोपऱ्यातून आवाज येतो, "मॅडम, बकरी पयी गयी, नि पोऱ्या तिना मांगे पयी ऱ्हायना!" दुसरा म्हणतो, दावं सुटलं. तिसरी म्हणते, आता त्याला घरी मार बसणार. कारण, परिणाम, अंदाज. भाषेच्या तासाला जे जे साधायचं असतं ते सगळं दोन मिनिटांत आलेलं असतं. ते वाक्य मी फळ्यावर आधी त्यांच्या बोलीत लिहिते, खाली प्रमाण मराठीत. दोन्ही वाचून घेते. दिवाळीनंतर वरची ओळ हळूहळू कमी करत नेते.

पावरी मला फारशी येत नव्हती. शिरपूरकडच्या शाळेत चौथीतली दोन पोरं माझी दुभाषी होती. मी गोष्ट मराठीत सांगायची, त्यांनी पहिलीच्या पोरांना पावरीत सांगायची. त्यात चौथीतल्यांचं आकलनही तपासून होई, वेगळी चाचणी घ्यावी लागत नसे.

पालकांचा आक्षेप ठरलेला असतो : "मॅडम, ती बोली तर आम्ही घरी बोलतोच. शाळेत चांगलं शिकवा." आक्षेप रास्त आहे. त्यांना पोराची नोकरी दिसत असते. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे, पण धोरणाचा दाखला देऊन पालक पटत नाहीत. त्यांना वर्गात बोलवायचं आणि पोराकडून दोन्ही ओळी वाचून घ्यायच्या. खालची ओळ खणखणीत वाचली गेली की वरच्या ओळीबद्दल कोणी तक्रार करत नाही.

3. आधी बोलू द्या, मग लिहायला लावा

याबाबतीत खानदेशाइतका चांगला दाखला दुसरीकडे सापडणं कठीण. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या गात गेल्या. मुलगा सोपानदेव यांनी ती गाणी टिपून ठेवली म्हणून 1952 मध्ये पुस्तक झालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. तिकडे 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत, आणि समोर बसून साने गुरुजी ते उतरवून घेत. अठरा रविवारांची ती प्रवचनं पुढे 'गीता प्रवचने' म्हणून घरोघरी गेली. दोन्ही पुस्तकं आधी बोलली गेली आणि ती कागदावर उतरवणारा हात दुसऱ्याचा होता.

हीच पद्धत दुसरीच्या वर्गात चालते. मूल बोलतं, मी लिहिते. "काल आमना घर पाहुणा उनात" असं त्याने सांगितलं की तसंच लिहायचं, तारीख टाकायची, खाली त्याचं नाव. स्वतः बोललेलं वाक्य मूल ओळखीने वाचतं, मग त्यातले शब्द सुटे करायचे, मग अक्षरं. परक्या धड्यातल्या ओळीवर जे मूल आठवडा काढतं ते स्वतःची ओळ दोन दिवसांत वाचतं.

मोठ्या वर्गांसाठी साने गुरुजींचाच आणखी एक धडा आहे. 1924 पासून ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तिथल्या वसतिगृहात मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढत. आमच्या चौथीचं साप्ताहिक फोनवर निघतं : शनिवारी तीन पोरं गावातल्या बातम्या लिहून आणतात, इतर दोघं दुरुस्त करतात, एक जण वाचतो आणि ते रेकॉर्डिंग पालकांच्या गटावर जातं. कोणाच्या विहिरीला पाणी लागलं, एसटी का आली नाही, कोणाची गाय व्याली. आपला आवाज गावभर ऐकला जाणार म्हटल्यावर पोरं जोडाक्षरं स्वतःहून विचारायला येतात.

4. गणित वावरातून सुरू करा, पण वावरातच सोडू नका

तिसरीतली एक मुलगी. सुट्टीच्या दिवशी आईबरोबर वेचणीला जाते. मी सहज विचारलं, किलोमागे नऊ रुपये मिळाले आणि अडतीस किलो कापूस निघाला, तर किती झाले? तिने वर बघितलं, ओठ हलले. "तीनशे बेचाळीस." कसं केलंस? "चाळीस किलोचे तीनशे साठ. दोन किलोचे अठरा कमी."

मग मी फळ्यावर 38 आणि त्याखाली 9 असा उभा गुणाकार मांडला. तिने नऊ आठे बहात्तर म्हणत 72 लिहिले, नऊ त्रिक सत्तावीस म्हणत त्याच्या डावीकडे 27. उत्तर 2772. त्या उत्तराकडे बघून तिला काहीही वावगं वाटलं नाही, कारण फळ्यावरचे आकडे तिच्या लेखी पैसे नव्हते.

ही गोष्ट आमच्याच गावची नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास 2025 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं मोठे हिशेब तोंडी अचूक करतात, पण तीच क्रिया शाळेच्या पद्धतीने मांडली की अडखळतात, असं त्यात दिसलं. उलटंही खरं निघालं : शाळेत नियमित जाणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब जमेना. म्हणजे उणीव दोन्ही बाजूंना आहे आणि मधला पूल बांधणं हे शिक्षकाचं काम.

म्हणून मी त्या मुलीची रीत आधी जशीच्या तशी फळ्यावर लिहिली : 40 × 9 = 360, 2 × 9 = 18, 360 − 18 = 342. मग तीच रक्कम दुसऱ्या वाटेने : 30 × 9 = 270, 8 × 9 = 72, मिळून 342. आणि शेवटी उभी मांडणी, त्यातला हातचा 7 कुठून आला ते दाखवत. 2772 वर तिने स्वतःच बोट ठेवलं : "इतके पैसे कोण देतं?" उत्तर लिहिण्याआधी अंदाज सांगायचा, ही सवय वर्गाला तिथून लागली.

नुसता 'परिसराशी सांगड' म्हणून कापसाचं, केळीचं उदाहरण देऊन थांबणाऱ्यांना एवढंच सांगणं : हे पोर पुढे शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसणार आहे. तिथे कापूस नसेल, आकडेच असतील. वावरातून निघून आकड्यापर्यंत पोचवल्याशिवाय काम पुरं होत नाही.

5. इयत्ता हजेरीपटावर राहू द्या, गट वाचनावर करा

दोन शिक्षक, चार वर्ग. खानदेशातल्या कितीतरी शाळांचं हे वास्तव आहे. त्यात चौथीत बसलेल्या काहींना परिच्छेद वाचता येत नाही आणि दुसरीतली एखादी चिमुरडी गोष्ट वाचून मोकळी होते. सगळ्यांपुढे एकच धडा उघडून वाचला तर तो मधल्या चार-पाच जणांपुरताच असतो.

'प्रथम' संस्थेने हे काम देशभर सोपं करून दाखवलं आहे. 'असर' चाचणीच्या पायऱ्या आपल्या सगळ्यांना पाठ आहेत : अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. दिवसातला एक तास मी पोरांना इयत्ता विसरून या पायऱ्यांप्रमाणे बसवते. अक्षरगटाबरोबर मी स्वतः बसते, गोष्टगट ग्रंथपेटीतली पुस्तकं घेऊन ओट्यावर जातो.

दोन पथ्यं पाळावी लागतात. गटांना हुशारीची नावं द्यायची नाहीत. आमचे गट तापी, गिरणा, पांझरा आणि बोरी आहेत. आणि दर काही आठवड्यांनी चाचणी घेऊन पोरं हलवायची. गट न हलवता वर्षभर तसाच ठेवला, तर तो 'ढ' पोरांचा बाक होऊन बसतो आणि पोरांना ते आपल्याआधी कळतं.

6. पडदा सुरू करण्याआधी प्रश्न फळ्यावर लिहा

शाळा डिजिटल करण्यात धुळे जिल्ह्याने मोठी मजल मारली. न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणारे मूळचे धुळ्याचे हर्षल विभांडिक गावोगाव सभा घेत फिरले. खर्चाचा काही भाग त्यांनी दिला, बाकीचा गावांनी वर्गणीतून उभा केला. जिल्हा परिषदेच्या अकराशेहून अधिक शाळांपर्यंत ही मोहीम पोचली. ज्या गावाने शाळेसाठी खिशात हात घातला, ते गाव नंतर शाळेत डोकावायला येऊ लागलं. माझ्या मते पडद्याहून मोठा लाभ तो होता.

पडद्याचं म्हणाल, तर अर्ध्या तासाचा व्हिडिओ लावून रजिस्टर भरत बसलं की पोरं गाणं पाठ करतात, धडा तिथेच राहतो. माझी रीत अशी : आधी फळ्यावर एक प्रश्न. 'बी रुजताना आधी मूळ येतं की कोंब?' पोरांनी हात वर करून बाजू घ्यायची. मग दोन-तीन मिनिटांचाच तुकडा लावायचा, मध्येच थांबवायचा, पुढे काय होईल ते विचारायचं. शेवटी ओल्या फडक्यात मुगाचे दाणे बांधून ठेवायचे आणि दोन दिवसांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. वीज गेली, आणि उन्हाळ्यात ती जातेच, तरी हा तास अडत नाही. ज्या तासाला वीज गेल्यावर शिक्षकाकडे काही उरत नाही, त्या तासाची तयारीच झालेली नसते.

7. फोन बापाच्या खिशात असतो, हे धरून गृहपाठ द्या

2020 च्या टाळेबंदीत 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असं आपण म्हणत होतो, तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं की घरात फोन असणं आणि पोराच्या हाती फोन असणं यात फार अंतर आहे. फोन बापाबरोबर वावरात जातो, रात्री आठला घरी येतो, तेव्हा चार्जिंग संपलेलं असतं किंवा रिचार्ज. घरी भाऊ असेल तर पहिला नंबर त्याचा, बहिणीची पाळी शेवटी येते. म्हणून लिंक पाठवून मी गृहपाठ देत नाही. अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप पाठवते, तोही घरच्यांना कळेल असा : "आज आजीला विचारा, तुमच्या लहानपणी पाणी कुठून आणायचे?"

असल्या प्रश्नांचा आता आणखी एक फायदा झाला आहे. मोठी पोरं निबंध फोनला विचारून लिहितात. 'माझा आवडता ऋतू' फोन झकास लिहून देतो, पण तुमच्या आजीची विहीर त्याला ठाऊक नाही. बंदी घालून काही साधत नाही. फोनला देता येणार नाही असं काम द्यावं. आणि सातवीच्या पोरांकडून फोनने दिलेलं उत्तरच तपासून घ्यावं. आपल्या गावाची माहिती त्याला विचारा म्हणावं आणि त्यातल्या चुका शोधा. पोरं इतक्या त्वेषाने लाल पेन चालवतात की माझा तपासायचा हुरूपही त्यापुढे फिका पडावा.

8. पाढ्यांना नावं ठेवू नका, हंगामालाही नाही

ज्ञानरचनावादाच्या लाटेत काही ठिकाणी पाठांतर हा जणू गुन्हा ठरला. आमच्या गावातले म्हातारे पावकी, निमकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे अजून घडाघड म्हणतात आणि व्यापाऱ्याचा कॅल्क्युलेटर उघडायच्या आत अडीच क्विंटलचा भाव सांगतात. समजून घेतलेलं पाठ असलं तर पुढच्या विचाराला डोकं मोकळं राहतं. रोज परिपाठानंतर दहा मिनिटं आम्ही पाढे म्हणतो, आणि एका आजोबांना अधूनमधून निमकी म्हणायला बोलावतो. त्याची कोणी नोंद घेत नाही, पण चौथीची उदाहरणं त्यावरच सुटतात.

हंगामाचंही तसंच. वेचणीला पोरं जाणार, ऊसतोडीला काही घरं उठणार, हे दरवर्षी होतं. तरी दरवर्षी आपण त्याचं नवल करतो. बालमजुरीला मुभा द्यावी असं मी म्हणत नाही. पालकांना सांगत राहावंच लागतं आणि शेजारच्या आजी-काकूंकडे पोर ठेवण्याची सोय गावाशी बोलून काढता येते. पण आठ-पंधरा दिवस बुडवून आलेल्या पोराला वर्ग पुढे गेलेला दिसला की ते मनाने शाळा सोडतं. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मी नवे कठीण घटक घेत नाही. त्या काळात वाचन, उजळणी, प्रकल्प. भागाकार आणि अपूर्णांक वेचणी ओसरल्यावर. परतलेल्या पोराला एक जोडीदार नेमून देते. राहिलेलं त्याने समजावायचं, मी फक्त तपासायचं. मासिक नियोजन पुढे-मागे केल्याबद्दल केंद्रप्रमुखांना कारण सांगावं लागतं. मी पहिल्या आठवड्यातली वही दाखवते, त्यातला 'हंगामात घर कुठे' हा रकाना उघडून.

शिक्षण परिषदेत नवे उपक्रम मांडले जातात, फोटो निघतात, टाळ्या होतात. परत येताना तरुण शिक्षक विचारतात, यातलं नेमकं काय घ्यायचं? माझी कसोटी एकच. कोणतीही नवी पद्धत महिनाभर चालवा. आधी वर्गात तोंड न उघडणारं पोर त्या महिन्यात स्वतःहून काही बोललं, विचारलं, लिहिलं का, ते बघा. झालं असेल तर ती पद्धत ठेवा, मग ती पावकीची असो की पडद्याची. नसेल झालं, तर तिचा फोटो कितीही छान आलेला असला तरी सोडून द्या आणि त्या पोराकडून पुन्हा सुरुवात करा.